नागडा दवाखाना

निर्लेखनाच्या फॉर्मात अकरा रकाने आहेत.
इमारतीचं वय : सत्तावन्न.
छत : सपाट, गळतं.
सद्यःस्थिती : धोकादायक.
इथवर माझा हात थांबत नाही.
जिल्हा परिषदेची कनिष्ठ अभियंता मी,
आठवड्याला असे तीनचार भरते.

पळसटोल्यात हिला आरोग्य केंद्र कुणी म्हणत नाही.
नागडा दवाखाना म्हणतात.

मुंबईहून एक बाई आली होती, दुबाश नावाची.
आखूड केस, कॅनव्हासचे बूट,
बगलेत नकाशांची नळकांडी.
म्हणाली, भिंतीनं खोटं बोलू नये.
वीट असेल तर वीट दिसू दे,
सिमेंट असेल तर सिमेंट.
माझा बाप, लटारू वाढई, सेंट्रिंगच्या फळ्यांचा माणूस,
मुंडासं सोडून परत बांधत म्हणाला,
"पिलास्तर नाई लावलं त नागडं दिसन ना बाई."
ती हसली नाही.
"दिसू दे. डॉक्टरपुढे सगळेच उघडे होतात."

पायरीची उंची तिनं पुस्तकातून घेतली नाही.
पार्बता मडावीला आठवा लागला होता.
तिला विटांवर चढवलं, उतरवलं,
एक थर काढला, पुन्हा चढवलं.
तिसऱ्या खेपेला पार्बता म्हणाली,
"हे बरं हाये. आता जाऊ द्या मले."
पाच इंच.
आज मी टेप लावला :
पाच इंचाला दोन सूत कमी.
तेवढं गावानं चढून झिजवलं.

पश्चिमेला सिमेंटच्या उभ्या पात्या,
उन्हाकडे खांदा वळवलेल्या.
नवतप्यात व्हरांड्याच्या फरशीवर
सावलीचे बारा पट्टे सरकत.
चौथा पट्टा बाकाला टेकला
की सिस्टर गोळ्या वाटायला घेई.
भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलं ते गेलंच,
कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.
नक्षी आपण कशाला करायची, बाई म्हणायची,
उन्हाला यायला फट ठेवा, ते करतं.

छताचं मात्र तिला जमलं नाही.
तिच्या कागदावर एक सरळ रेघ,
आमच्या श्रावणात वर तळं, खाली बादल्या.
"बाई हुशार," बाप म्हणे,
"पन पान्यासंगं बोलली नाई."
मग वर टीन चढलं.
मग उत्तरेला पिलास्तर, त्यावर गुलाबी रंग.
मग कुठल्याशा निधीतून कमान,
कमानीवर सिमेंटचे दोन मोर.
बुशकोट घालून खाली काहीच न घातलेल्या
माणसासारखी ती उभी राहिली
आणि गावाला एकदाचं बरं वाटलं.

प्रसूतीच्या खोलीत मी टॉर्च वर मारला.
रंधा न मारलेल्या सागाच्या फळ्या
बापानं ठोकल्या होत्या, त्यांवर काँक्रीट ओतलं होतं.
फळ्या त्याच हिवाळ्यात चुलीत गेल्या.
वर अजून त्यांच्या शिरा आहेत,
एका खिळ्याचं डोकं,
मधोमध एक गाठ, डोळ्याएवढी.
पार्बता सांगते, पुढची दोन लेकरं इथं झाली,
कळ आली की ती त्या गाठीकडंच पाहे.

सेंट्रिंग उतरवलं त्या दिवशी
बापानं खालून विचारलं होतं,
"सिमिटानं लाकूड दाखवनं, बाई,
हे खोटं नाई का?"
ती मान वर करून बराच वेळ उभी राहिली.
मग म्हणाली, चहा मिळेल का कुठे.

रकाना अकरा : पुनर्वापरयोग्य साहित्य.
टीन पत्रे बावीस.
दरवाजे चार, एकाला कडी नाही.
लोखंडी सळ्या, गंजलेल्या, वजन अंदाजे.
सागाचं लाकूड : छतात.
काढता येणार नाही.

साहेब विचारतील, हे काय लिहिलंय.